४०७ चा लाकडी हौदा बदलताय? आधी पाणी कुठं मुरतंय ते बघा

एका मुलाने विचारलंय, की वडिलांचा १९९८ चा टाटा ४०७ हा छोटा ट्रक आहे, गावातून मार्केटला कोबी-फ्लॉवर टोमॅटोचे क्रेट जातात, हौद्याचा, म्हणजे मागं माल भरायच्या भागाचा, तळ दोन-तीन जागी कुजून पाय आत जायला लागलाय, गॅरेजवाला म्हणतोय सगळं लाकूड काढून फेका आणि पत्रा मारा, वडील म्हणतात लाकूडच पाहिजे. करायचं काय, लाकूड घ्यायचं तर कुठलं, आणि यातलं घरी किती करता येईल.

मी सुताराच्या घरातला. आजोबा बैलगाड्या करायचे, वडिलांनी ट्रकच्या बॉड्या केल्या आणि मी जवळपास तीस वर्षं तेच करतोय, कऱ्हाड-सातारा पट्ट्यात. त्यामुळं उत्तर जरा लांब होईल, पण घाई करू नका भाऊ, कारण या कामात पैसे लाकडात कमी जातात आणि चुकीत जास्त जातात.

पहिली गोष्ट. फळी कुजली म्हणून फळी बदलली तर नवीन फळी पण तीन-चार पावसाळ्यांत तिथंच कुजणार. लाकूड पाण्याने कुजत नाही, अडकलेल्या पाण्याने कुजतं. बुरशीला लाकडात साधारण वीस टक्क्यांच्या वर ओल लागते, त्याच्या खाली ती वाढत नाही. म्हणजे फळी भिजली आणि चार तासांत वाळली तर काही होत नाही, वर्षानुवर्षं भिजून वाळली तरी टिकते. पण जिथं दोन लाकडं एकमेकांवर घट्ट बसलीत, मधे माती आणि कोबीची पानं जाऊन लगदा झालाय, तिथं दिवाळीपर्यंत ओल राहते आणि तिथूनच सुरुवात होते. म्हणून तळ काढायच्या आधी गाडीखाली जाऊन पाणी कुठं थांबतंय ते शोधा, मग लाकडाचं बोलू.

कसं बघायचं सांगतो. एक जुना स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि छोटा हातोडा. फळी वरून ठोकली की चांगली फळी टणक वाजते, कुजलेली बद वाजते, हे तर सगळ्यांना माहिती असतं. पण खरा माल खाली आहे. चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, दोन्ही पट्ट्यांवर लांबीत दोन लाकडी दांडे पडलेले असतात, आम्ही त्याला रनर म्हणतो, त्यांच्यावर आडवे दांडे आणि आडव्यांवर फळ्या. रनर यू-बोल्टने, म्हणजे यू आकाराच्या बोल्टने, चेसिसला आवळलेला असतो. प्रत्येक यू-बोल्टच्या शेजारी, मागच्या चाकाच्या वर जिथं टायर चिखल उडवतो तिथं, केबिनमागच्या भिंतीच्या बुडाशी आणि फाळक्याच्या (हौद्याच्या उघडणाऱ्या झडपेच्या) बिजागऱ्यांच्या मागे, या चार जागी स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा. चांगल्या लाकडात टोक दोन-तीन एमएमच्या पुढे जात नाही. गेल्या उन्हाळ्यात अशीच एक भाजीची ४०७ आली होती, वरून तळ बरा दिसत होता, मालक म्हणाला चार फळ्या बदला फक्त. खाली गेलो आणि रनरला टोचा लावला तर मुठीपर्यंत आत गेला, बाहेर काढलं तर टोच्याला काळपट ओला भुगा, चहात भिजलेल्या खारीसारखा, आणि वास ओल्या गोणपाटाचा. वर दोन टन माल आणि खाली आधार तेवढाच. तो माणूस तशी गाडी घेऊन घाट उतरत होता. त्यामुळं रनर बघितल्याशिवाय तळाचा निर्णय घ्यायचा नाही.

आता पत्रा की लाकूड. गॅरेजवाला चूक आहे असं मी म्हणणार नाही, त्याच्याकडे वेल्डिंग मशीन आहे, त्याला ते काम येतं. पण हिशोब नीट करू. तुमचा तळ साधारण दहा बाय सहा फूट धरू, म्हणजे साठ चौरस फूट. सवा इंची साल नावाच्या लाकडाची फळी घातली तर सव्वासहा घनफूट लाकूड बसतं आणि त्याचं वजन दीडशे किलोच्या आसपास. सागाचं घातलं तर सव्वाशेच्या आतच. तीन एमएमचा चेकर पत्रा घातला तर तेवढ्याच जागेला साधारण १४० ते १४५ किलो, आणि चार एमएम घेतला तर १८५ च्या पुढे. म्हणजे लाकूड जड आणि पत्रा हलका असं जे सगळे बोलतात ते तीन एमएमला जेमतेम खरं आहे आणि चार एमएमला उलटंच आहे. शिवाय तीन एमएमच्या पत्र्याला खाली आडवे जवळजवळ लागतात नाहीतर तो दबतो, मग ते लोखंड वेगळं. आणि वजन ही नुसती बोलायची गोष्ट नाही, गाडीचं एकूण वजन आरसी बुकात ठरलेलं आहे, हौदा जेवढा जड तेवढा कायदेशीर माल कमी.

भाजीसाठी मला लाकूडच आवडतं आणि त्याला कारण आहे. एप्रिलमध्ये दुपारी पत्र्यावर हात ठेवून बघा, ठेवता येत नाही. सगळ्यात खालच्या थरातला टोमॅटो त्या तापलेल्या पत्र्यावर दोन तास बसतो. लाकूड उष्णता खाली-वर सोडत नाही लवकर. दुसरं, ओल्या पत्र्यावर प्लास्टिकचा क्रेट घसरतो, ब्रेक मारला की सगळी थप्पी केबिनच्या भिंतीवर येते. तिसरं, खराब झालेली एक फळी काढून दुसरी घालता येते, कुठल्याही गावात, हातकरवत आणि पान्यावर. पत्रा सडला की तो कडेपासून खालून सडतो, दिसत नाही, आणि मग तुकडे जोडत बसायचं. खडी-मुरूम-वीट वाहणार असाल तर मात्र मी स्वतः पत्रा घाला म्हणेन, फावड्याने फळीच्या कडा उचकटतात. खताच्या पोत्यांचा धंदा असेल तर परत लाकूड, कारण युरिया आणि मिठाचं पाणी लोखंडाला खाऊन टाकतं.

तुमच्यासाठी माझं मत असं: रनर लाकडी, आडवे लोखंडी चॅनेलचे, वर लाकडी फळ्या. पूर्ण लाकडी सांगाडा करायला आता चांगले जाड दांडे मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. ७५ एमएमचं चॅनेल मीटरला सात किलोच्या आसपास येतं, सहा फुटाचा एक आडवा तेरा किलोचा, असे आठ घातले तर दोघांमधलं अंतर सतरा इंच येतं आणि सवा इंची फळीला ते पुरेसं आहे. दीड फुटाच्या पुढे जाऊ नका.

लाकूड कुठलं. आमच्याकडे पूर्वी बैलगाडीला बाभूळ वापरायचे, चाकाचे आरे, पाट, सगळं बाभूळ, कारण ती चिवट असते आणि धक्का खाते. आजोबा बाभूळ तोडल्यावर ओंडका विहिरीच्या पाण्यात काही महिने टाकायचे आणि मग सावलीत वाळवायचे, त्याने कीड कमी लागते. तशी बाभूळ आज मिळाली तर डोळे झाकून घ्या, पण फक्त गाभ्याची. बाहेरचा जो पांढरा भाग असतो त्याला भुंगा हमखास लागतो, फळीवर बारीक भोकं आणि खाली मैद्यासारखा भुगा दिसला की समजायचं. साग टिकाऊ, हलका, त्यात नैसर्गिक तेल असतं, पण भाव बघून तुम्हीच नको म्हणाल. शेतात स्वतःचा साग उभा असेल तर परस्पर तोडू नका, तोडायला वनखात्याची परवानगी आणि वाहतुकीला पास लागतो, बिनपासाचं लाकूड घेऊन रस्त्यात अडकलेली माणसं मी बघितलीत. साल जड आणि कणखर, ट्रकच्या कामाला उत्तम, वखारीत मलेशियन साल नावाने जे मिळतं ते वेगळ्या झाडाचं असतं आणि त्यातही बरं-वाईट असतं, निवडून घ्यावं लागतं. कोकणाच्या बाजूला असाल तर ऐन आणि किंजळ चांगली. आंबा घेऊ नका, तो मऊ आणि ओल धरणारा, पॅकिंगच्या खोक्याला ठीक. निलगिरी स्वस्त म्हणून लोक घेतात आणि ती वाळताना पिळते, फाटते, बोल्ट सकट उचलते. प्लाय घालायचाच असेल तर साधा कमर्शियल नको, मरीन किंवा काळ्या फिल्मचा शटरिंग प्लाय, अठरा-एकोणीस एमएम, आणि त्याच्या कापलेल्या कडा नीट बंद केल्या तरच, नाहीतर कडेतून पाणी शिरून थर सुटतात.

कुठलंही घ्या पण वाळलेलं घ्या. यात मी स्वतः हात पोळून घेतलेत. सुरुवातीला वडिलांशिवाय एकट्याने घेतलेलं पहिलं काम, गाडीवाल्याला घाई, वखारवाल्याने सांगितलं वाळलंय, मी विश्वास ठेवला आणि फळ्या अगदी एकमेकींना टेकवून बसवल्या, किती सुंदर दिसत होत्या. मार्चमध्ये गाडी दिली आणि मे महिन्यात परत आली, फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी आणि चार फळ्या नावेसारख्या वाकलेल्या. सगळा तळ माझ्या खर्चाने परत केला. तेव्हापासून मी वखारीतून फळीचा वीतभर तुकडा कापून आणतो, किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करतो, आठ दिवस घरात पंख्याखाली ठेवतो, परत वजन. शंभराचा नव्वद झाला तर ते लाकूड ओलं आहे, मग ते घेऊन पातळ पट्ट्या मधे घालून सावलीत रचून ठेवायचं, दोन-तीन महिने. शंभराचा सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव राहिला तर लगेच कामाला घ्या. घनफुटात मोजून घेताना सव्वासहाला सात-सव्वासात घनफूट धरा, कापाकापी आणि गाठीची फळी बाजूला काढण्यात तेवढं जातं.

आता खोलायचं काम. हे घरी होतं, दोन माणसं आणि एक दिवस. खोलायच्या आधी फोनवर फोटो काढा, प्रत्येक कोपऱ्याचे, बिजागरीचे, वायरिंगचे. हौद्याची आतली-बाहेरची लांबी, रुंदी, जमिनीपासून उंची लिहून ठेवा, आणि आरसी बुकावर जे लिहिलंय ते पण शेजारी लिहा. गंजलेले बोल्ट पान्याने सुटणार नाहीत, कटरने कापावे लागतील, आणि इथं सांभाळा. डिझेलची टाकी जवळ असते, ठिणगी उडते, कोरडा भुगा आणि गवत खाली साचलेलं असतं. बॅटरीची वायर काढा, टाकीवर ओलं गोणपाट टाका, पाण्याची बादली जवळ ठेवा. काम झाल्यावर अर्धा तास गाडीजवळच थांबा, धुमसणारं लाकूड लगेच दिसत नाही.

हौदा निघाला की चेसिसकडे बघायची संधी वीस वर्षांतून एकदा येते, ती घालवू नका. वरच्या पट्टीवर मातीचा थर असेल तो खरवडा, वायर ब्रश मारा. गंजाचे पापुद्रे सुटत असतील तर हातोडीने हलके ठोकून खाली धातू किती राहिलाय बघा. मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) हँगरजवळ आणि रिव्हेटच्या भोकांभोवती केसासारखी तडा आहे का ते नीट बघा, रॉकेल लावून, पुसून घेऊन वर खडूची पूड मारली की तडा ओली रेघ होऊन दिसते. तडा निघाली तर हौद्याचं काम तिथंच थांबवा आणि आधी चेसिसवाल्याकडे जा. ब्रेकचे पाइप, हँडब्रेकची केबल, मागच्या लाइटची वायर, यातलं जे शंकास्पद वाटेल ते आत्ताच बदला, नंतर तिथं हात जाणार नाही. मग दोन हात रेड ऑक्साइड आणि वर इनॅमल.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, चेसिसला वेल्डिंग मारू नका आणि वरच्या-खालच्या पट्टीत भोकं पाडू नका. गॅरेजवाला म्हणेल चार टाके मारतो, कायमचं काम होईल. खड्ड्यात एक चाक खाली गेलं की चेसिस पिळते, ती पिळायलाच बनवलेली आहे. लाकडी रनर आणि यू-बोल्ट ती पीळ सहन करतात, जरा सरकतात, जरा दबतात. टाका मारला की तो सगळा ताण त्या एका जागी येतो आणि काही महिन्यांनी तडा तिथूनच जाते. कंपन्या १९५०-६० च्या दशकात नुसती चेसिस विकायच्या आणि बॉडी गावोगावचे सुतार बांधायचे, त्या काळापासून लाकडी रनर चालत आलाय तो उगीच नाही. ४०७ तर १९८६ मध्ये आली आणि तिच्यावर पण हीच पद्धत टिकली.

रनर बसवताना. जाडी जुन्याएवढीच ठेवा, पाऊण इंच पण कमी करू नका, कारण गाडी भरल्यावर पाटे बसतात आणि टायर वर येतो, रनर बारीक केला तर टायर तळाला घासतो. केबिनकडचं टोक सरळ कापून ठेवायचं नाही, फूटभर लांबीत खालून उतरतं करायचं, नांगराच्या फाळासारखं. सरळ कापलं तर रनर जिथं संपतो तिथं चेसिसवर एकदम जोर येतो, उतरतं केलं की तो हळूहळू पसरतो. हे न केलेल्या गाड्यांना केबिनच्या मागेच चेसिस गेलेली मी बघितलीय. रनर आणि चेसिस यांच्यात जुन्या कन्व्हेअर बेल्टची पट्टी टाका, चेसिसच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडून थोडी बाहेर येऊ द्या म्हणजे पाणी कडेवरून गळतं, आत मुरत नाही.

यू-बोल्ट आवळताना चेसिसच्या चॅनेलच्या आत ठोकळा घालायचा, नाहीतर पट्ट्या आतल्या बाजूला दबतात. ठोकळा लाकडी चालेल पण सायलेन्सरच्या पाइपजवळ लोखंडीच. आणि ठोकळा मारायच्या आधी आत हात घालून ब्रेकचा पाइप आणि वायर बाजूला आहे याची खात्री करा, दोनदा करा. ब्रेकचा पाइप चेपला गेला तर गाडी गॅरेजमधून नीट निघते आणि उतारावर कळतं.

फळ्या लांबीत टाका, पुढून मागे, म्हणजे क्रेट सरकवता येतात आणि धुतलेलं पाणी फाळक्याकडे जातं. फळीच्या टोकाकडे बघा, वर्तुळाच्या रेघा दिसतात, त्या वाटीसारख्या, टोकं वर केलेल्या, दिसतील अशी ठेवायची, म्हणजे गाभ्याची बाजू वर. लाकूड उन्हात आणखी वाळतं तेव्हा फळीच्या कडा सालीच्या बाजूला वळतात, तर गाभा वर असला की फळी मधे किंचित फुगते आणि पाणी उतरतं, उलटी टाकली तर ताटलीसारखी होते आणि पाणी त्यात बसतं. एवढ्याशा गोष्टीने तळाचं आयुष्य दोन-तीन वर्षं पुढे-मागे होतं असा माझा अनुभव आहे.

दोन फळ्यांत चार एमएमची फट ठेवा, मधे जाड खिळा धरून बसवत गेलं की सारखी येते. तुम्हाला भाजी न्यायची आहे, धान्य सुटं न्यायचं नाही, त्यामुळं फट हवीच, पाणी आणि पाला तिथून जातो, वारा लागतो. कधी पोती न्यायची असली तर खाली ताडपत्री टाका.

बोल्ट टोपीचे कॅरेज बोल्ट घ्या, जस्त चढवलेले. साधे काळे बोल्ट बाभूळ, ऐन, साल यांच्यात घातले की लाकडातला तुरटपणा लोखंडाला खातो, बोल्टभोवती काळा डाग पडतो आणि काही वर्षांत बोल्ट मधेच बारीक होतो. भोक बोल्टपेक्षा अर्धा-एक एमएम मोठं, आत ग्रीस, टोपी फळीत बुडेल एवढी खोलगट जागा. खाली मोठा वायसर आणि नायलॉनचा नट. दोरीचे हुक फळीला लावू नका, चॅनेलला लावा.

आणि टोकं. हे मी दरवेळी सांगतो आणि दरवेळी कोणीतरी विसरतो. लाकूड पाणी पितं ते टोकाकडून, जिथं आडवं कापलंय तिथून, झाडात मुळापासून पाणी ज्या नळ्यांतून वर जायचं त्या नळ्या तिथं उघड्या असतात. फळीच्या वर-खाली तुम्ही कितीही रंग मारा, टोक कोरं ठेवलंत तर उपयोग नाही. कापल्या कापल्या प्रत्येक टोकाला, प्रत्येक भोकाच्या आत, तीन-चार वेळा तेल किंवा प्रायमर पाजा, ओढून घ्यायचं थांबेपर्यंत. फळी बसवल्यावर ते टोक परत दिसत नाही, म्हणून आधीच.

तेल कुठलं. गाडीवाले जळकं ऑइल मारतात, वर्षानुवर्षं मारत आलेत, त्याने पाणी अडतं हे खरं आहे, पण ज्या फळीवर खायची भाजी ठेवायची तिथं ते नको, घसरतं पण आणि नंतर रंग धरत नाही. उकळलेलं जवसाचं तेल चांगलं, पातळ करून दोन हात, दोन हातांमध्ये दोन-तीन दिवस. कोकणात होड्यांना काजूच्या टरफलाचं तेल लावतात, ते कमाल टिकाऊ, पण कातडीला लागलं तर फोड येतात, हातमोज्यांशिवाय डबा उघडू नका आणि लावल्यावर पूर्ण सुकू द्या. जवसाच्या तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका. ते सुकताना आतून तापतात आणि आपोआप पेटतात. आमच्या शेडच्या कोपऱ्यात एकदा संध्याकाळी टाकलेला ढीग रात्री धुमसला, शेजारच्याला वास आला म्हणून शेड वाचली, नाहीतर शेजारी रचलेला सगळा साल गेला असता. बोळे पाण्याच्या डब्यात टाका किंवा मोकळे पसरून वाळवा.

बाजूचे फाळके आणि मागचा फाळका यावर फार लिहीत नाही. जुने बरे असतील तर तेच बसवा, बिजागऱ्यांची पिन बदला, कोयंडे आणि साखळ्या नवीन घ्या. फक्त फाळका बंद केल्यावर तळ आणि फाळका यात बोटभर जागा राहिली पाहिजे, तिथून पाणी आणि कचरा बाहेर पडतो. बहुतेक हौदे मागून कुजतात ते तिथं काहीतरी ठासून बंद केलेलं असतं म्हणून. चौकट बसवल्यावर दोन्ही तिरपी मापं घ्या, कोपरा ते कोपरा, पाच एमएमच्या आत सारखी आली पाहिजेत, नाहीतर फाळका कधीच नीट लागणार नाही.

पासिंगचं. तुमची गाडी आठ वर्षांच्या पुढची आहे म्हणजे फिटनेस दरवर्षी करावं लागतं. मापं जुनीच ठेवलीत, बॉडीचा प्रकार तोच ठेवलात तर अडचण येत नाही. हौदा लांब केला, उंच केला, उघड्याचा बंद केला तर ते आरसीशी जुळणार नाही आणि तो बदल आधी परवानगी घेऊनच करायचा. मागचा भाग चाकांच्या अंतराच्या साठ टक्क्यांपेक्षा जास्त बाहेर काढता येत नाही, हे लक्षात ठेवा, कारण फूटभर वाढवून घेऊ असं सुचवणारा कोणीतरी भेटतोच. रिफ्लेक्टर पट्टी लावायची, पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. बरेचजण नवीन लाकडाच्या आनंदात विसरतात आणि पासिंगला परत यावं लागतं.

घरी काय आणि मिस्त्रीकडे काय. खोलणं, चेसिस साफ करून रंगवणं, फळ्यांना तेल पाजणं, फळ्या बसवणं, हे तुम्ही आणि वडील मिळून करू शकता. रनर घडवणं आणि यू-बोल्टचं काम जाणत्या माणसाकडून करून घ्या, चॅनेलचं वेल्डिंग पण हौदा खाली उतरवून जमिनीवर करून घ्या, गाडीवर नाही. आमच्याकडे दोन माणसांना सगळं मिळून सहा-सात दिवस लागतात, तुम्हाला दोन आठवडे लागले तरी हरकत नाही, फक्त मे संपायच्या आत उरका, रंग आणि तेल दमट हवेत नीट सुकत नाही.

गाडी चालू झाली की पहिल्या आठवड्यात आणि मग महिन्याने खाली जाऊन सगळे यू-बोल्ट परत आवळा. नवीन लाकूड दाबाखाली बसतं, पाव-अर्धा फेरा नट फिरतोच. पहिला जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी दुपारी, गाडी उन्हात उभी असताना, रनरला यू-बोल्टच्या शेजारी हात लावून बघा. कोरडा लागला तर काम नीट झालंय. ओला लागला तर ती जागा खडूने खूण करून ठेवा, पाणी वरच्या कुठल्या फटीतून तिथं येतंय ते शोधा आणि पुढच्या पावसाच्या आत बंद करा.